अलॉय व्हीलवरचं सिरॅमिक कोटिंग, ९ महिन्यांनंतर

परवा पुढचं डावं चाक धुताना नटाच्या खोबणीत बोट घातलं आणि ते पुन्हा काळंकुट्ट बाहेर आलं. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं.

माझ्या गाडीची चाकं डायमंड कट आहेत, म्हणजे दर्शनी धातू लेथवर कातून चकचकीत केलेली. गेल्या वर्षी एका वॉशिंग सेंटरमध्ये चाकं गरम असतानाच त्यांवर अ‍ॅसिडचा क्लीनर मारला. तो तिथेच वाळला आणि दोन चाकांवर पांढरट डाग पडले. तक्रार केली तर म्हणे, पॉलिश करून घ्या. क्लिअर कोटच, म्हणजे धातूवरचा पारदर्शक थरच खाल्ला गेल्यावर पॉलिश काय करणार? चाक लेथवर चढवून घासावं लागतं आणि दर वेळी थोडा धातू कमी होतो. त्या संतापात मी चाकं घरीच धुवायला लागले आणि धूळ चिकटून बसू नये म्हणून चाकांवर लावायच्या सिरॅमिक कोटिंगची बाटली मागवली.

लावण्यापूर्वी आयर्न रिमूव्हर मारला. ब्रेकच्या धुळीत डिस्कचं आणि पॅडचं लोखंड असतं, ते गरमागरम कण क्लिअर कोटला चिकटून बसतात आणि तिथेच गंजतात. रिमूव्हरमधलं थायोग्लायकोलेट त्या लोखंडाला धरतं आणि जांभळे ओघळ येतात. वास भयंकर! केस कुरळे करायच्या लोशनमध्येही याच जातीचं रसायन असतं, तोच हा वास.

ते ओघळ बघायची मला सवयच लागली. कोटिंगनंतरही दर आठवड्याला रिमूव्हर मारत होते. चौथ्या महिन्यात पुढच्या एका चाकाला रिमूव्हर आणि दुसऱ्याला नुसता शॅम्पू, असं महिनाभर करून पाहिलं. दर्शनी भागात काडीचा फरक नाही! म्हणजे तोवरच्या बाटल्या पाण्यातच गेल्या. आता तीन महिन्यांतून एकदा मारते, सावलीत, चाक थंड असताना, आणि वाळायच्या आत धुऊन टाकते.

दर्शनी भागापुरतं कोटिंगला मी पैकीच्या पैकी गुण देईन. पण नटांच्या खोबणी! लावायचा स्पंज तिथे पोचतच नाही. चाक काढून, ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून खोबणीच्या भिंतींना दुसरा हात दिला. तळाशी मात्र हात आखडताच घ्यावा लागतो, कारण नट टेकतो त्या उतारावर कोटिंग गेलं तर नट कसण्याचं गणित बदलतं. त्यामुळे काळं जमतं ते नेमकं तिथेच. ब्रश घालून एकेक खोबणी घासण्यात जितका वेळ जातो, तितक्यात बाकीचं अख्खं चाक धुऊन होतं. बाटलीसोबत एक बारीक काडीचा स्पंज द्यायला यांचं काय जात होतं?

सहाव्या महिन्यात पुढचे ब्रेक पॅड संपले. या वेळी सेमी-मेटॅलिकऐवजी (ज्यांत धातू बराच असतो) सिरॅमिक पॅड घातले आणि माझं मतच बदललं. धूळ उघड कमी झाली, रंगानेही फिकट आहे, खोबणीतलं काळंही निम्म्यावर आलं. थोडं जास्त मोजावं लागलं, पण कोटिंगपेक्षा हा खर्च जास्त कामी आला. हे आधी केलं असतं तर कदाचित बाटली घेतलीच नसती.

घेतलीच, तर निदान मागच्या चाकांवर ती संपवणार नाही. मागे ड्रम ब्रेक आहेत, धूळ बरीचशी ड्रमच्या आतच राहते, आणि मी तिथे अर्धी बाटली घालवली.