घट बसल्यावर चेक देणार होते

घोडबंदर रस्त्यावर कासारवडवली येथील एका टू बीएचके फ्लॅटचे इंटिरियर मला गेल्या भाद्रपदात मिळाले, किंवा मिळाले असे मी समजत होते. घरमालक ओळखीतून आलेले, बोलायला अत्यंत मृदू. डिझाइनचे शुल्क 75 हजार रुपये ठरले. त्यातील 25 टक्के हातात आल्याशिवाय मी एरवी टेप घेऊन साइटवर जात नाही; परंतु "मॅडम, पितृपक्ष चालू आहे, घट बसले की लगेच चेक देतो," असे ते म्हणाले आणि त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. पैसे देण्यास वर्ज्य असलेल्या त्याच पंधरवड्यात मापे घेण्यास मात्र त्यांची काहीच हरकत नव्हती.

लेआउट आणि एलिव्हेशन, म्हणजे भिंतींची समोरून दिसणारी ड्रॉइंग, दिल्यावरही फारसे बिघडले नव्हते. बिघडले ते पुढच्या मागणीमुळे. गृहकर्जावर टॉप-अप घ्यायचे असून बँकेला सविस्तर अंदाजपत्रक लागते, असे सांगून त्यांनी बाबवार बीओक्यू, म्हणजे लागणाऱ्या सामानाची परिमाणे आणि दर यांचा तक्ता, मागितला, आणि कोणत्या कपाटाला 18 एमएमचे पाण्यात टिकणारे आयएस 710 प्लाय, कुठे साधे आयएस 303, आठ बाय चारची किती शीट, किती चौरस फूट लॅमिनेट, कोणती बिजागरी, हे सगळे दरांसह मी एक्सेलमध्ये पाठवले. एवढा कागद हाती असला की मजुरीवर सुतार लावून कोणीही काम उरकू शकतो. दसऱ्यानंतर "बजेट बसत नाही, पुढच्या वर्षी पाहू" असा निरोप आला.

दिवाळीनंतर दुसऱ्या साइटच्या खरेदीसाठी प्लायच्या दुकानात गेले असता तेथील टेबलावर एका सुताराची कटिंग लिस्ट आणि तिच्याखाली माझेच ड्रॉइंग दिसले. माझे नाव असलेली टायटल ब्लॉकची पट्टी कात्रीने कापलेली होती. मास्टर बेडरूममधील बीम मी आधी 14 इंच धरला होता. पुन्हा मोजल्यावर तो 17 इंच भरला, पण सुधारित ड्रॉइंग पाठवायचे राहून गेले होते. लिस्टमध्ये लॉफ्टच्या शटरची उंची माझ्या त्याच चुकीच्या मापाने, 21 इंच 3 सूत अशी लिहिलेली होती. मी दुकानदाराला काही सांगितले नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ड्रॉइंग ही कलाकृती ठरते, तेव्हा हक्क माझाच होता. पण एवढ्या रकमेसाठी वकील आणि तारखा परवडणाऱ्या नव्हत्या.

आता पहिल्या प्रस्तावात मी फक्त कामाची व्याप्ती, अंदाजे खर्चाची मर्यादा, शुल्काचे हप्ते आणि किती वेळा बदल करून मिळतील एवढेच लिहिते. ड्रॉइंग लॅपटॉपवर दाखवते, बँकेसाठी लेटरहेडवर ठोक आकडा देते आणि बीओक्यू दुसरा हप्ता जमा झाल्यावरच पाठवते. यंदाही एका गृहस्थांनी पितृपक्षाचे कारण पुढे केले, तेव्हा मापेही घट बसल्यावरच घेऊ, असे मी त्यांना कळवले.