पर्पेच्युअल बाँड की कमी मुदतीचे कॉर्पोरेट बाँड?

लांब मुदतीचे सरकारी रोखे (बाँड) सहसा बुडत नाहीत. पण मधेच पैशांची गरज पडली तर कुठल्या भावाला विकावे लागतील, याची हमी कोणी देत नाही. ऑस्ट्रियाचा २११७ साली संपणारा, २.१ टक्के कूपनचा (ठरलेल्या वार्षिक व्याजाचा) रोखा व्याजदर चढल्यावर २०२० च्या शिखरावरून निम्म्याच्याही खाली आला. तेवढी उलथापालथ मला झेपणार नव्हती, पण परतावा तर हवाच होता. म्हणून मी थोडे पैसे बँकांच्या एटी-१ पर्पेच्युअलमध्ये घातले (हे मुदत नसलेले बाँड, बँक अडचणीत आली तर ते शून्यावरही आणता येतात) आणि थोडे चांगल्या रेटिंगच्या, एक ते पाच वर्षांच्या कॉर्पोरेट बाँडमध्ये.

परताव्यात पर्पेच्युअल सरस, यात वाद नाही. माझ्या खरेदीत फरक दीड टक्क्याच्या आसपास होता आणि व्याज एकदाही चुकलं नाही. जोखीम माहीत होती. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्वीस या स्विस बँकेचे सुमारे १६ अब्ज स्विस फ्रँकचे एटी-१ शून्यावर आले आणि शेअरधारकांच्या हाती मात्र थोडंफार लागलं. ते वाचून धसका बसला खरा, तरी मी विकले नाहीत.

माझं मन उडालं ते कॉलच्या तारखेवरून, म्हणजे बँक पैसे देऊन बाँड परत घेऊ शकते त्या तारखेवरून. बाँड घेतानाच ती तारीख मी वहीत लिहून ठेवली होती आणि त्या पैशांचं पुढचं गणितही मांडलं होतं. शेवटचा महिनाभर रोज सकाळी आधी मेल उघडायचो. नोटीस आलीच नाही, तारीख निघून गेली. नियमाने बँकेचं काहीच चुकलं नव्हतं, कॉल करायचा की नाही हा तिचा हक्क. फेब्रुवारी २०१९ मध्ये सांतांदेर या स्पॅनिश बँकेने दीड अब्ज युरोचा बाँड असाच परत घेतला नव्हता. तेव्हा ती बातमी मी वाचून सोडून दिली होती. बाजारात विकावं तर भाव दर्शनी किमतीखाली. दर उतरले की बँक पैसे परत करणार, म्हणजे नेमके दुसरीकडे कमी मिळत असताना. आणि दर चढले की आपण अडकून राहणार. हे मला फार खुपलं.

कॉर्पोरेट बाँडचे मी पाच भाग केले, दरवर्षी एक भाग मुदत पूर्ण करतो. व्याजदर चढत होते त्या काळात सुटलेला पैसा मी जास्त दराने पुन्हा लावला, त्यामुळे कागदावर दिसणारी घट फारशी टोचली नाही. कष्ट मात्र आहेत. पाच वेगवेगळ्या कंपन्यांवर लक्ष ठेवावं लागतं, कारण एक जरी बुडाली तरी वर्षभराचं व्याज सहज धुऊन निघेल. छोट्या रकमेला भाव नीट मिळत नाही, मुदतीआधी विकायला तर फारच जड जातं. एका कंपनीचं रेटिंग एक पायरी घसरलं तेव्हा चौदा महिने उरले होते. मी थांबलो, आणि पूर्ण रक्कम ठरल्या दिवशी खात्यात आली.

ज्यांना मुद्दल कधीच परत नको, फक्त व्याज हवं आणि बँकेचा ताळेबंद वाचता येतो, त्यांनी पर्पेच्युअलचा विचार जरूर करावा, एकाच बँकेत मात्र सगळं ठेवू नये. माझ्याकडे अजून तो एक आहे. घराच्या किंवा शिक्षणाच्या खर्चाची तारीख ठरलेली असेल, तर मला वाटतं दीड टक्का सोडून कॉर्पोरेट बाँडच घ्यावेत.