मल्टिप्लाय लावलं आणि चौकोन उमटला: फोटोशॉप, गिम्प, अफिनिटी की फोटोपी?

खाली जुन्या वाड्याचा फोटो, त्यावर मोडी कागदाचं स्कॅन, सगळ्यात वर अंकाचं नाव. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची कल्पना एवढीच होती. स्कॅनच्या लेयरला, म्हणजे थराला, मल्टिप्लाय मोड (खालच्या थरात मिसळण्याची एक रीत) लावला की कागदाचा पांढरा रंग उडतो आणि नुसती शाई फोटोवर उतरते, हे लेयरशी खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी फोटोशॉपमध्ये लावला, तर वाड्याच्या भिंतीवर एक मळकट चौकोन उमटला. सोबतचा सहकारी गिम्प या दुसऱ्या फोटो सॉफ्टवेअरवर काम करणारा. त्याने तेच लेयर त्याच्याकडे नव्याने रचले. चौकोन त्याच्याकडेही आला, वर शाईही माझ्यापेक्षा फिकी. मग दोन दिवस आम्ही फाइल सोडून एकमेकांच्या सॉफ्टवेअरची उणीदुणी काढत बसलो.

तेव्हापासून कुणी 'फोटोशॉप, गिम्प, अफिनिटी, फोटोपी या फोटो सॉफ्टवेअरांतलं कोणतं घेऊ?' असं विचारलं की मी आधी त्या चौकोनाची आणि त्या फिक्या शाईची गोष्ट सांगतो. दिसायला दोन्ही ब्लेंडिंगच्या, म्हणजे लेयर एकमेकांत मिसळण्याच्याच तक्रारी. पण चौकोनासाठी सॉफ्टवेअर बदलणं व्यर्थ आहे, आणि शाईचा फरक मात्र खरोखर सॉफ्टवेअरचा आहे.

आधी चौकोन. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार: वरच्या पिक्सेलची किंमत गुणिले खालच्याची, भागिले 255. वरचा पिक्सेल शुद्ध पांढरा, म्हणजे 255 असेल, तर खालचा जसाच्या तसा राहतो. पण स्कॅनरमधून आलेला जुना कागद 255 कुठून असणार? तो 235च्या आसपास असतो, म्हणजे खालचा फोटो सरसकट आठेक टक्के काळवंडतो. डोळ्याला कागद पांढराच वाटतो, गणिताला वाटत नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. स्कॅनच्या लेयरवर लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची टोकं सरकवायची सोय) उघडा आणि पांढऱ्या टोकाचा स्लायडर कागदाच्या किमतीपर्यंत आत ओढा. स्क्रीन या उजळवणाऱ्या मोडमध्ये हेच उलटं घडतं. काळ्या पार्श्वभूमीवरची पणती किंवा फटाक्याची ठिणगी आणून स्क्रीन लावली आणि भोवती धुरकट चौकट दिसली, तर तो काळा रंग शून्य नाही, 10-15 आहे. तिथे काळं टोक आत घ्या. हा दोष आणि हा उपाय चारही सॉफ्टवेअरमध्ये सारखाच.

आता फिकी शाई. नव्या फाइलमध्ये काळा लेयर घ्या, त्यावर पांढरा लेयर ठेवा आणि पांढऱ्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) 50 टक्के करा. नंतर सगळं मर्ज (एकत्र) करून आयड्रॉपर या रंग वाचणाऱ्या साधनाने किंमत वाचा. नेहमीच्या एसआरजीबी (पडद्यासाठीच्या प्रमाणित रंगांच्या) फाइलमध्ये फोटोशॉप 128च्या आसपास आकडा दाखवेल. गिम्पच्या 2.10 किंवा त्यापुढच्या आवृत्तीत, नव्याने बनवलेल्या फाइलवर, तो 188च्या जवळ जाईल. सूचना तीच, लेयर तेच, राखाडी मात्र दोन. फोटोशॉप फाइलमधले आकडे आहेत तसे मिसळतं. गिम्पचा आताचा नॉर्मल मोड आधी त्या आकड्यांचं प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात रूपांतर करतो, मग मिसळतो. भौतिकशास्त्र विचाराल तर गिम्प बरोबर आहे. हिरव्यावर मऊ ब्रशने लाल पट्टा ओढून पाहा: फोटोशॉपमध्ये दोन रंगांच्या सीमेवर तपकिरी, मळकट रेघ येते, गिम्पमध्ये ती सीमा उजळ पिवळसर होते. पण फोटोशॉपमध्ये लेयर आले 1994 साली, आणि तेव्हापासून आपले डोळे त्या मळकट रेघेलाच 'बरोबर' मानायला शिकलेत.

गंमत म्हणजे ओपॅसिटी 100 टक्के असताना मल्टिप्लायमध्ये हा फरक जवळजवळ दिसतच नाही. ओपॅसिटी उतरवली की तो उघडा पडतो. आमची शाई 60 टक्क्यांवर होती. म्हणून वाद.

हा फरक मिटवायची सोय कुठे आहे, यावर मी सॉफ्टवेअरला गुण देतो. गिम्पमध्ये मोडच्या यादीशेजारी एक छोटं बटण आहे, त्यावरून डीफॉल्ट गट सोडून लेगसी गट निवडता येतो. जुनं गणित परत येतं. त्याहून बारीक काम हवं असेल तर लेयरवर राइट क्लिक करून कंपोझिट स्पेस त्या एकाच लेयरपुरती बदलता येते. अफिनिटीतही ब्लेंड गॅमा, म्हणजे मिसळण्याचं गणित ठरवणारा आकडा, लेयरच्या ब्लेंड ऑप्शन्समध्येच असतो. फोटोशॉपमध्ये ही सोय कलर सेटिंग्जच्या जादा पर्यायांत दडलेली आहे: 'आरजीबी रंग गॅमा वापरून मिसळा' असा खूण करायचा एक रकाना, शेजारी 1.00 हा गॅमाचा आकडा. तिची अडचण अशी की ती फाइलची नाही, तुमच्या संगणकावरच्या फोटोशॉपची आहे. खूण केली की उघडलेली प्रत्येक फाइल बदललेली दिसते, आणि फाइल दुसऱ्याकडे गेली की खूण मागेच राहते. मी ती कधीच चालू ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका, आणि एखादी फाइल फक्त तुमच्याच मशीनवर विचित्र दिसत असेल तर आधी इथे डोकावा.

ग्रुपची, म्हणजे लेयरच्या गठ्ठ्याची, भानगड याच जातीची. मल्टिप्लायचा लेयर ग्रुपमध्ये टाकला आणि पांढरा कागद पुन्हा अवतरला, तर ग्रुपचा स्वतःचा मोड नॉर्मल आहे. मग आतला लेयर फक्त ग्रुपमधल्या शेजाऱ्यांशी मिसळतो, बाहेरचा फोटो त्याला दिसतच नाही. ग्रुप पास थ्रू केला की प्रश्न सुटतो. फोटोशॉप आणि अफिनिटी ग्रुप बनवतानाच पास थ्रू देतात, गिम्पमध्ये तो आठवणीने निवडावा लागतो.

फोटोशॉपचे स्वतःचे दोन सापळे आहेत, त्यांत मी स्वतः पडलोय. मोड पटापट पालटून बघायला शिफ्ट आणि अधिक-उणेची बटणं दाबतात. पण हातात ब्रश असेल तर लेयरचा नाही, ब्रशचा मोड बदलतो. नंतर तासभर 'ब्रश उमटतच नाही' म्हणून हैराण. दुसरा सापळा म्हणजे फिल आणि ओपॅसिटी, लेयरचा जोर उतरवणारे दोन स्लायडर. बहुतेक मोडमध्ये दोन्हींचा परिणाम एकच, पण आठ मोड याला अपवाद आहेत: कलर बर्न, लिनियर बर्न, कलर डॉज, लिनियर डॉज, व्हिव्हिड लाइट, लिनियर लाइट, हार्ड मिक्स आणि डिफरन्स. कलर डॉजने दिव्याची ज्योत फाटल्यासारखी पांढरी पडत असेल तर ओपॅसिटीला हात न लावता फिल उतरवा. फरक चटकन दिसतो.

फोटोशॉप आणि अफिनिटी दोन्हींबद्दल एक सावधगिरी: ब्लेंडिंगचा निवाडा 100 टक्के झूमवरच करा. लांबून बघताना दोघंही चित्राच्या लहान केलेल्या प्रतीवर हिशोब करतात. पोत बारीक असेल, कॉन्ट्रास्ट जोरदार असेल, तर सगळे लेयर एकत्र केल्यावर चित्र बदलल्यासारखं वाटतं.

छपाईशी संबंध असेल तर निवड बरीचशी इथेच होते. आरजीबीमधली (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची) फाइल लेयरसकट सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) नेली की मोडचा हिशोब प्रकाशाऐवजी शायांच्या टक्क्यांवर होऊ लागतो, आणि स्क्रीनने आणलेला पणतीचा उजेड राखेसारखा होतो. फोटोशॉप रूपांतराआधी लेयर सपाट करायचे का, असं विचारतं. मूळ फाइल जपून ठेवा, तिची प्रत काढा, प्रतीत 'हो' म्हणा. अफिनिटीत सीएमवायके फाइलवर थेट काम करता येतं. गिम्पमध्ये 16 मार्च 2025ला आलेल्या 3.0 आवृत्तीपर्यंत तरी लेयरसकट सीएमवायकेत काम करायची सोय नाही; छापल्यावर रंग कसे दिसतील याचा अंदाज तेवढा पडद्यावर बघता येतो. क्रितामध्ये सीएमवायके आहे, मोडही ढीगभर आहेत, पण ते चित्रकाराचं साधन आहे. फोटोच्या कामाला मला ते अवघडल्यासारखं वाटतं.

फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी (फोटोशॉपची लेयरसकट फाइल) उघडतं आणि फुकट आहे, जाहिराती सहन केल्या की झालं. छपाईची अंतिम फाइल मी त्यातून देणार नाही. पण दुसरं मत घ्यायला ते झकास आहे. फोटोशॉपमध्ये बिघडलेली पीएसडी फोटोपीतही तशीच दिसली तर दोष बहुधा फाइलमध्ये आहे. तिथे ठीक दिसली तर आपल्या सेटिंग्ज तपासायच्या.

मग कुणी काय घ्यावं? इतरांच्या पीएसडी फायली येत असतील, त्यांच्यात ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या चित्राचा रंग-उजेड बदलणारे) असतील आणि शेवट प्रेसमध्ये होणार असेल, तर महिन्याचं भाडं भरून फोटोशॉपच घ्या. ते सगळ्यात शहाणं आहे म्हणून नाही. समोरच्याकडेही तेच आहे म्हणून. त्या ॲडजस्टमेंट लेयर गिम्पमध्ये जशाच्या तशा येतील अशी आशा ठेवू नका. लिनक्सवर असाल, काम वेबसाठी असेल आणि मुळापासून फाइल तुम्हीच बनवणार असाल, तर गिम्प घ्या. लेयर कोणत्या गणिताने मिसळतोय हे इतकं उघडपणे विचारणारं दुसरं सॉफ्टवेअर या चौघांत नाही. शिकायला ते थोडं रुक्ष आहे, हे मान्य.

एकटं काम करणाऱ्याला, विंडोज किंवा मॅक असेल तर, मी आज अफिनिटी सुचवतो. 2024मध्ये ते कॅनव्हाने घेतलं आणि ऑक्टोबर 2025पासून फुकट केलं. खातं मात्र उघडावं लागतं. मोडच्या यादीवरून माउस फिरवला की परिणाम लगेच दिसतो, ब्लेंड गॅमा हाताशी, सीएमवायकेही आहे. एकच खोट, आणि ती आपल्यासाठी मोठी: त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरी अक्षरं नीट जुळत नव्हती, वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडत. म्हणून इन्स्टॉल केल्यावर पहिला मजकूर 'र्‍हस्व, क्षितिज, दृष्टी, मूर्ती' असा टाइप करा. तो मोडला तर मुखपृष्ठाचं नाव दुसरीकडे बनवून चित्र म्हणून आणावं लागेल. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीतही ही अक्षरं मोडताना दिसली तर प्राधान्यांत जाऊन टाइपचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं आहे ना, ते बघा.