लंडन–ॲमस्टरडॅम: सव्वा तासाच्या विमानाचे आठ महिने

गेले आठ महिने एक आठवड्याआड सोमवारी लंडनहून ॲमस्टरडॅमला आणि बुधवारी संध्याकाळी परत, असा माझा रतीब चालू आहे. म्हणून आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

दोन शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ३५८ किलोमीटर, हीथ्रो ते स्किपोल या विमानतळांमधलं धरलं तर ३७०. पहिलं तिकीट बघून मी चक्रावलोच होतो. जाताना सकाळी ७ ला निघून ९.२० ला पोहोचणार आणि येताना संध्याकाळी ६ ला निघून ६.२० ला! ॲमस्टरडॅमचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे, एवढीच काय ती जादू. खरा वेळ दोन्हीकडून सव्वा ते दीड तास.

त्यातलीही हवेतली मिनिटं जेमतेम पन्नास. बाकीची जमिनीवर जातात, आणि त्यात स्किपोलचा हात धरणारं कुणी नाही. तिथली पोल्डरबान ही २००३ साली सुरू झालेली धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर पंधरा-पंधरा मिनिटं विमान नुसतं रांगत असतं. वाटेत चक्क हायवेवरच्या पुलावरून जातं, खाली ट्रक पळताना दिसतात. पहिल्या वेळी वाटलं, पायलट आता रस्त्यानंच ऑफिसला सोडतोय. येताना पश्चिमेचा वारा समोरून, शिवाय हीथ्रोला उतरायची गर्दी असली की एसेक्सवर घिरट्या. त्याच त्या शेतांना तीन-तीन प्रदक्षिणा घातल्यात मी.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी पासपोर्टच्या रांगेचा वेळ वेगळा धरावा. माझी सर्वात जलद दहा मिनिटांत सुटका झाली, सर्वात वाईट दिवशी पन्नास. सामान एकदाच चेक-इन केलं. ते दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून पाठीवर एक सॅक, बस्स.

दारापासून दारापर्यंत मला साडेचार तास लागतात. युरोस्टार रेल्वेनं लंडन ते ॲमस्टरडॅम चार तास, वर लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला लवकर पोहोचणं आलंच. पण युरोपातल्या शेंगेन देशांची पासपोर्ट-तपासणी तिथेच होते, पलीकडे उतरलं की सरळ चालू लागायचं. तरी मी विमान धरतो, कारण घर ईलिंगला, हीथ्रोला जाणाऱ्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेवर, आणि ऑफिस ॲमस्टरडॅम झाउडला, स्किपोलहून ट्रेननं सात मिनिटांवर. तुम्ही पूर्व लंडनात स्ट्रॅटफर्डकडे राहत असाल आणि काम ॲमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत असेल, तर विमानाच्या नादी लागू नका.

पुढच्या महिन्यात बायको-लेकीला घेऊन जातोय. त्यांच्यासाठी रेल्वेची तिकिटं काढलीत, कारण लेकीला समुद्राखालचा बोगदा बघायचाय. पन्नास किलोमीटरच्या त्या बोगद्यात वीस मिनिटं काळोखाशिवाय काही दिसत नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.