टाकीचा सेन्सर: सळ्या की फ्लोट?
टाकी भरली की मोटर बंद करणारा सेन्सर स्टीलच्या सळ्यांचा घ्यावा की फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचचा, हे जळगावात बोअरचं पाणी वापरणाऱ्या आप्पांना ठरवता येईना. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून खरा प्रश्न साफसफाईचाच.

स्टीलच्या सळ्यांचा सेन्सर पाण्यातून प्रवाह वाहतो यावर चालतो. सळीवर पांढरा थर चढला की प्रवाह अडतो. टाकी भरली तरी मोटर चालूच, पाणी गच्चीवर. ऐन मे महिन्यात ते बघवत नाही. मेन स्विच बंद करून सळ्या लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. तारेची घासणी नको. ओरखड्यांत क्षार लवकर धरतो.

फ्लोटला क्षाराचा त्रास कमी. तो मोकळा हलतो ना, एवढं पाहायचं. अरुंद टाकीत मात्र भिंतीला अडकतो.

बोअर आणि रुंद टाकी असेल तर फ्लोटच. नळाचं पाणी, अरुंद टाकी आणि पातळी टप्प्याटप्प्यानं दिसायला हवी असेल तर सळ्या घ्या.