टॉवेल ग्रिप की ओव्हरग्रिप? बॅडमिंटनची रॅकेट हातात नीट बसण्यासाठी

जुलै महिन्यात ठाण्याच्या बंद हॉलमध्ये सकाळी सहाला खेळायला उतरलं की दुसऱ्या गेमपर्यंत तळहात ओलाचिंब झालेला असतो. शटल वाऱ्यानं भरकटू नये म्हणून पंखे बंद ठेवतात, खिडक्याही बंद. रॅकेट सटकेल या भीतीनं आपण हँडल आवळून धरतो आणि खेळ तिथूनच बिघडायला लागतो. मूठ आवळली की मनगट मोकळं फिरत नाही, फोरहँडवरून बॅकहँडवर जाताना रॅकेट बोटांत चटकन वळत नाही आणि सगळा भार कोपरापर्यंत चढतो. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा कोपर पावसाळाभर दुखला. व्यायामाचा उपयोग झालाच, पण त्याच सुमारास जुनी, गुळगुळीत झालेली ग्रिप काढून टाकली आणि रॅकेट सैल धरता येऊ लागली. तेव्हापासून ग्रिप निवडताना मी एकच बघते: घामेजलेल्या हातातही ती न आवळता धरता येते का?

दुकानात विचारलं की साधारण तीन प्रकार पुढे येतात. रॅकेटसोबत कंपनीतून आलेली मूळ ग्रिप काढून तशीच जाड सिंथेटिक ग्रिप बसवता येते. मूळ ग्रिपवर किंवा ती काढून पातळ ओव्हरग्रिप गुंडाळता येते. नाहीतर थेट लाकडावर टॉवेल ग्रिप लावायची. पहिल्या प्रकाराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मूळ ग्रिप फाटली किंवा तिचे चिकट तुकडे हाताला लागू लागले, तर नवी बसवा. बाकी निवड खरी उरलेल्या दोघांमध्ये आहे.

ओव्हरग्रिप म्हणजे पॉलियुरेथेनची पातळ पट्टी. सर्रास मिळणारी पट्टी सुमारे ०.६ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर रुंद आणि १२०० मिलिमीटर लांब असते. इतक्या पातळ आवरणाखाली हँडलच्या आठही कडा बोटांना कळतात. बॅकहँडला अंगठा रुंद बाजूवर सपाट टेकवायचा असतो आणि रॅकेट कुठल्या कोनात आहे ते न बघता समजायला हवं, त्यासाठी या कडा लागतात. नवी असताना चिकट ओव्हरग्रिप हाताला धरून ठेवते. कोरड्या हातांना, पुण्याच्या जानेवारीतल्या सकाळी तळव्याची कातडी फुटते तेव्हा, हिच्यासारखं दुसरं काही नाही. पण घामाचा थर बसला की हाच चिकटपणा निकामी होतो. ज्यांना बऱ्यापैकी घाम येतो त्यांनी चिकट नको, कोरडी मागावी. ती हाताला थोडी खरखरीत लागते, पण घाम शोषून घेते.

टॉवेल ग्रिप सुती, अंगपुसण्यासारखी मऊ असते. पाणी पिण्यात तिची बरोबरी कुठलीच सिंथेटिक ग्रिप करत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ज्यांच्या कोपरावरून घामाचे थेंब गळतात, त्यांना मी बिनदिक्कत हीच लावायला सांगते. पण तिचे लाड करावे लागतात. भिजून ती जड होते, बॅगेत ओली राहिली की वास मारते, आणि अंगठ्याखालचे धागे काही दिवसांत दबून तिथे कडक, चकचकीत चट्टा पडतो. खेळून झाल्यावर रॅकेट कव्हरबाहेर वाळायला ठेवली तर ती जास्त टिकते. खेळाच्या दुकानात मिळणारी ग्रिप पावडर तिच्यावर चांगली बसते. घरची टाल्कम पावडर मात्र लावू नका, तिनं हात उलट घसरतो.

टॉवेल ग्रिपची मागची बाजू चिकट असते. लाकडावर थेट लावलेली ग्रिप ओढून काढताना हँडलचा लाकडी ढलपाही सोबत येऊ शकतो, माझ्या एका रॅकेटचा असाच गेला. तेव्हापासून आधी स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मचा एक वेढा घट्ट देते आणि मग ग्रिप लावते. लाकूड वाचतं, घामही आत झिरपत नाही.

जाडीचा विचार प्रत्येकानं स्वतःच्या हातानं करावा. योनेक्स कंपनीच्या रॅकेटवर जी४, जी५ असं लिहिलेलं असतं, त्यात आकडा मोठा तितकं हँडल बारीक. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या जी५वर एक ओव्हरग्रिप बऱ्याच जणांना नेमकी बसते. एकावर एक दोन-तीन चढवणारे मी रोज बघते. त्यानं हँडल गोल होतं, कडा हरवतात आणि खेळ बोटांऐवजी मुठीनं खेळला जातो. लहान मुलांसाठी मूळ ग्रिप काढून लाकडावर फिल्म आणि एकच ओव्हरग्रिप द्यावी. टेनिसमधला जाडीचा सल्ला इथे चालत नाही, कारण त्याचं हँडल मुळातच बरंच जाड असतं.

वजन क्षुल्लक वाटतं, पण ८०-८५ ग्रॅमच्या रॅकेटला हँडलवर पाच ग्रॅम वाढले तरी डोकं, म्हणजे तारांकडचा भाग, हलकं लागतं. मूळ ग्रिप काढली की उलट होतं, डोकं जड वाटतं. डबल्समध्ये नेटजवळ झटपट रॅकेट फिरवणाऱ्यांना पहिलं आवडेल, मागून स्मॅश मारणाऱ्यांना कदाचित दुसरं.

खर्चात टॉवेल ग्रिप स्वस्त की ओव्हरग्रिप, हे पाकिटावरच्या किमतीवरून ठरत नाही, किती दिवसांनी बदलता त्यावर ठरतं. आठवड्याला चार दिवस खेळताना पावसाळ्यात ओव्हरग्रिप लावली तर माझी दहा-बारा दिवस चालते आणि थंडीत महिनाभर. तारखेची वाट बघू नका. अंगठ्याची जागा काळी आणि चकचकीत झाली, पट्टीच्या कडा सुटू लागल्या किंवा गेमच्या मधे हात शॉर्ट्सला वारंवार पुसावा लागला, की ती संपली.

माझ्यापुरता निर्णय असा: जून ते सप्टेंबर टॉवेल, उरलेले महिने कोरडी ओव्हरग्रिप. रॅकेट घरात दोघं-तिघं वापरत असतील तर वर्षभर ओव्हरग्रिपच ठेवा, दुसऱ्याच्या घामानं भिजलेला टॉवेल कुणालाच नको असतो.

बदलणं घरच्या घरी जमतं. ओव्हरग्रिपवर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते, ती आधी सोलून काढा. नवखे खेळाडू ती तशीच ठेवतात आणि ग्रिप घसरते म्हणून तक्रार करतात. पट्टीचं निमुळतं टोक हँडलच्या बुडाशी चिकटवा, तिथे कडेला अगदी थोडी पट्टी जादा राहू द्या, आणि एका हातानं सतत ताण देत वर चढवा. प्रत्येक वेढा आधीच्यावर दोन-तीन मिलिमीटर येऊ द्या. जास्त आला तर उंचवटे होतात आणि पट्टी वरपर्यंत पुरत नाही. नेटवर खेळताना रॅकेट वर सरकवून धरत असाल तर शंकूच्या भागापर्यंत, म्हणजे हँडल निमुळतं होऊन दांड्याला मिळतं तिथपर्यंत, न्या. शेवटचा तुकडा तिरका कापून सोबतच्या चिकटपट्टीनं बांधा.

कंपनीची ग्रिप उजव्या हाताच्या खेळाडूसाठी गुंडाळलेली असते, म्हणून उजव्यांनी ती काढण्याआधी तिची दिशा बघून तशीच नवी लावावी. डावखुऱ्यांनी नेमक्या उलट दिशेनं गुंडाळावी. नाहीतर प्रत्येक फटक्याला पट्टीच्या कडा बोटांखाली उलगडत जातात, आणि दुकानदाराला आपण डावखुरे आहोत हे सांगितलं नाही तर तोही सवयीनं उजव्यासारखीच लावून देतो.