स्थिर, अचल, स्तब्ध की ठप्प?

हालचाल नाही, एवढंच सांगायचं असलं की लेखणी आपोआप ‘स्थिर’ लिहून मोकळी होते. तिथंच जरा थांबावं.

पावसाळ्यात कोल्हापूरकरांना हा शब्द रोज भेटतो : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी स्थिर. नदी मात्र फोफावत वाहतच असते. थांबलेला असतो तो चढउतार. म्हणजे ‘स्थिर’ला हालचालीशी फार देणंघेणं नाही, बदल नाही एवढंच तो सांगतो. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ याचाही अर्थ तेवढाच. ती ढासळत नाही. पण सुधारतेय असं कुणी म्हटलेलं नसतं, आणि नातेवाईक नेमके तेच ऐकतात.

जे हलवायचंच नाही, ते ‘अचल’. अंबाबाईची गाभाऱ्यातली मूर्ती अचल, पालखीत बसते ती उत्सवमूर्ती चल. घरजमिनीच्या कागदांत मात्र ‘अचल संपत्ती’ लिहू नका, ती हिंदीची सवय. आपल्याकडं स्थावर मालमत्ता.

खरी गफलत ‘स्तब्ध’ आणि ‘ठप्प’मध्ये होते. ६ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध झालं. लोक जागच्या जागी उभे राहिले, आपणहून. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग ठप्प झाला; तिथं कुणाची इच्छा विचारात घेतली गेली नव्हती. स्तब्धतेत मन असतं, मग ते आदरानं भरलेलं असो की धक्क्यानं. ठप्प होतं ते चालणारं काम : वाहतूक, व्यवहार, वीजपुरवठा. शाहूंच्या मानवंदनेला ‘शहर ठप्प’ असा मथळा दिला असता तर वाचकांनी फाडून खाल्लं असतं, आणि बरोबरच केलं असतं. गाड्या तासाभरानं सुटणार असतील तर ‘ठप्प’ही जड होतो. ‘खोळंबल्या’ म्हणा.

‘निश्चल’ वारा पडलेल्या रंकाळा तलावाला शोभतो, पण ललित लेखातच. विज्ञानाच्या धड्यात ‘विराम अवस्था’ आहेच. ‘गतिहीन’ हा मला तरी भाषांतराच्या टेबलावरचा शब्द वाटतो.

आणि कथेतल्या संवादात यातला एकही नको. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरला इथला माणूस “हालंना झालाय” म्हणतो.